दोन्हीकडं एवढंसंच

साक्षीनं आजीकडं बघितलं आणि ओळख दिली नाही.

सरुबाईचा वर उठलेला हात तसाच हवेत राहिला. मैदानाच्या कडेला मांडव घातला होता आणि मांडवात लाल सोफा होता. त्या सोफ्यावर प्रमुख पाहुणी म्हणून ती गळ्यात झेंडूचा हार घालून बसली होती, आणि तिथूनच तिनं "साक्षेऽ, ए बाळ!" अशी हाक मारली होती. सरुबाईची हाक म्हणजे काय चीज आहे हे सगळ्या वस्तीला ठाऊक. पलीकडच्या गल्लीतली कोंबडीसुद्धा मान वर करते. पोरीनं मान वळवली. डोळ्याला डोळा भिडला. आणि मग ती नजर आजीच्या नाकावरून, हारावरून, सोफ्याच्या हातावरून मांडवाच्या बांबूवरनं सरकावी तशी सरकत पुढं गेली. करडा सदरा, काळी विजार, गळ्यात शिट्टी. सकाळी ह्याच पोरीनं चुलीजवळ बसून तिच्या हातची भाकरी खाल्ली होती आणि वर "आजी, ठेचा लई भारी झालाय" असं म्हटलं होतं. आता ती वाकून दोन्ही तळव्यांनी चेंडू दाबून बघत होती, जसं काही ह्या पृथ्वीवर त्या चेंडूशिवाय तिचं कुणी नाही.

"बघितलंस का गं?" सरुबाई शेजारी बसलेल्या सुनेला म्हणाली. "तुझी लेक मला वळकंना झालीय."

रूपालीनं पदर तोंडाला लावला. "आत्ती, पंच हाय आज ती. मैदानात पंचाला कोण नात्याचं नसतंय."

"व्हय? मग ह्यो चषक काय आभाळातनं पडलाय? नाव वाच त्येच्यावरचं. वाच की! मला येत न्हाय, तुला येतंय न्हवं?"

वाचायची गरज नव्हती. टेबलावर चकाकत असलेल्या त्या चषकावर 'भाऊसो कांबळे स्मृतिचषक' असं कोरलेलं होतं, आणि दुसरीत शाळा सुटलेल्या सरुबाईला जगातली बाकी कुठली अक्षरं नाही ओळखता आली तरी ही ओळखता येत होती. भाऊसो म्हणजे तिचा नवरा. उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये वेल्डिंग करायचा. वस्तीतल्या पोरांना कुणीतरी हा बास्केटबॉलचा खेळ शिकवला तेव्हा खेळायला चेंडू होता, पण टाकायला कडं नव्हतं. भाऊसोनं शेडमधनं सळई आणली, वाकवली, आणि पाण्याच्या टाकीच्या खांबाला जोडून दिली. जोडताना ती डाव्या अंगाला जराशी झुकली. "राहू दे," भाऊसो म्हणाला, "चेंडूला काय डोळं हाईत?" वस्तीची पोरं त्या तिरक्या कड्यावर इतकी पटाईत झाली की पहिल्यांदा बाहेर खेळायला गेली तेव्हा सरळ कड्यात एकाचाही चेंडू जाईना. सगळे डावीकडं पडायचे. हरून आली आणि भाऊसोच्या दारात बसून रडली. भाऊसो तोंड धुऊन, पान खाऊन, शिडी घेऊन निघाला कडं सरळ करायला, तर पोरांनी शिडीच धरली. नको म्हणाली, आपल्यात आलेल्या सगळ्यांना हरवू की. सरुबाईला आत्ताही ते आठवून हसू फुटलं. हार हलला, पाकळ्या मांडीवर पडल्या.

तर असा तो चषक. भाऊसो गेल्यावर लेकानं, धम्मपालनं, सुरू केला. आणि तेव्हापासून दर वर्षी तो बाहेर जायचा. हातकणंगल्याला गेला, आजऱ्याला गेला, गेल्या साली कोडोलीला. नवऱ्याचं नाव दुसऱ्याच्या कपाटात जाऊन बसतंय, आणि आपण दर साली लुगडं नेसून, हार घालून, हसत हसत ते उचलून द्यायचं! औंदा मात्र वस्तीच्या पोरी फायनलला आल्या होत्या. समोर पुन्हा कोडोलीच. आणि त्यात सांगलीहून यायचा होता तो मुख्य पंच तापानं आडवा पडला. दुपारी धावाधाव झाली. कोडोलीचे मास्तर, धैर्यशील सर, स्वतःच म्हणाले, "साक्षी म्याडम हाईत की. आम्हाला चालतील." सरुबाईच्या कानावर हे आलं तेव्हा ती हरभरे निवडत होती. सूप तिथंच ठेवून ती उठली, देव्हाऱ्यातल्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोजवळच्या भाऊसोच्या तसबिरीला म्हणाली, "आला बघ घरी." साक्षी तिथंच बुटाच्या नाड्या बांधत होती. "आजी," ती मान वर न करता म्हणाली, "जिंकंल त्येच्या घरी जाईल." सरुबाईला वाटलं, पोरगी चारचौघांत बोलायचं तसं घरात बोलतीय, सवय करतीय. शहाणी हाय.

रूपालीचा जीव मात्र तेव्हापासून थाऱ्यावर नव्हता. तिनं सासूला सांगून बघितलं होतं. आत्ती, पोरीची परीक्षा हाय ही. गुडघा गेल्यावर खेळ सुटला, तर पंचाची परीक्षा देऊन उभी राहिली. आता वस्तीची पोरगी वस्तीच्याच सामन्यात शिट्टी वाजवणार, एक जरी निकाल वस्तीकडं झुकलेला दिसला तरी परत तिला कोण बोलवणार न्हाय. सरुबाईनं ऐकलं होतं, एका कानानं. दुसऱ्या कानात लेझीम वाजत होतं.

मधल्या गोलात साक्षीनं चेंडू उडवला आणि दहा पोरी एकदम सुटल्या. बुटांचा चरचर आवाज, चेंडूचा धपधप, वस्तीचा गलका. सरुबाईला खेळातलं सगळं कळायचं नाही, पण हात कळायचे. कुणाचा हात कुठं गेला हे तिच्या डोळ्यातनं सुटायचं नाही. ती नजर तिला फार लहानपणी लागली होती, आजऱ्याकडच्या तिच्या गावात, मोठ्या शेतकऱ्याच्या लग्नात. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर लांब, गोठ्याच्या कडेला तिच्या लोकांची पंगत बसायची. वाढपी तोच, बादली तीच, डाव तोच. पण ह्या पंगतीत आला की त्याचा हात बदलायचा. मनगट वर राहायचं, डाव अर्ध्यात रिकामा व्हायचा, भात पानावर पडायच्या ऐवजी फेकला जायचा. कुणी काही बोलायचं नाही. लहान सरू मात्र त्या माणसाच्या तोंडाकडं नाही, नुसत्या मनगटाकडं बघत बसायची. तोंड काहीही सोंग करतं. मनगटाला सोंग येत नाही. पुढं तिनं कोल्हापुरात संसार मांडला, चार माणसांना वाढायला लागली, सुनांना, पाहुण्यांना, धम्मपालच्या मित्रांना, आणि तिच्या डावाची ख्याती झाली. मुख्यमंत्री आला तरी दोन डाव आणि गवंडी आला तरी दोन डाव. "सरुबाईच्या घरी वशिला चालत न्हाय," लोक म्हणायचे, आणि ते ऐकून ती अशी फुगायची की चोळी तंग व्हायची.

तेवढ्यात शिट्टी. वस्तीची कप्तान स्नेहल चेंडू घेऊन वर उडाली होती आणि कोडोलीच्या उंच पोरीची, राजनंदिनीची, बोटं तिच्या कोपराला लागली होती. लागली म्हणजे काय, माशी बसून उठावी इतकी. साक्षीची मूठ वर गेली. टेबलाकडं जाऊन तिनं बोटांनी राजनंदिनीचा नंबर दाखवला, एका हातानं दुसऱ्या मनगटावर चापट मारून गुन्हा दाखवला. वस्ती नाचायला लागली. "शाब्बास माझ्या वाघिणी!" सरुबाई सोफ्यावर अर्धी उठली. धैर्यशील सर रेषेपर्यंत आले. ओरडले नाहीत, दोन बोटांमध्ये जोंधळ्याएवढी जागा करून दाखवली. "म्याडम, एवढंसं?"

"एवढंसंच, सर," साक्षी म्हणाली. "दोन्हीकडं एवढंसंच."

सर मान हलवून मागं गेले. सरुबाईला वाटलं, काय झकास बोलली! दोन्हीकडं! तोंडावर बोट ठेवायला लावलं मास्तरला. तिच्या मनात त्या शब्दाला अजून वजन आलं नव्हतं. उलट तिला भाऊसोची आठवण आली, कारण हे बोलताना पोरीची हनुवटी तशीच पुढं आली होती, अगदी तशीच, मटणाच्या वाट्यांची नावं घेताना भाऊसोची यायची तशी.

वस्तीत तेव्हा रविवारी आठ-दहा घरं मिळून बकरं कापायची. धुतलेल्या ताडपत्रीवर वाटे पडायचे. प्रत्येक वाट्यात थोडं मांस, थोडं हाडूक, काळजाचा तुकडा, चरबी. वाटे सरुबाई घालायची. हा जरा मोठा दिसतोय, एक बोटी उचल, तिकडं टाक. आता तो मोठा दिसतोय, एक उचल, इकडं टाक. बाया म्हणायच्या, अगं बस की, खिमा व्हायचा. मग भाऊसोला भिंतीकडं तोंड करून उभा करायचे. सरुबाई एका वाट्यावर बोट ठेवायची आणि विचारायची, "ह्यो कुणाचा?" आणि भाऊसो न बघता एक नाव घ्यायचा. ज्याचं नाव, त्याचा वाटा. कुरबुर नाही, काही नाही. डोळ्यांना आपला-परका कळतो म्हणून डोळेच फिरवायचे, अशी ती रीत. एकदा एका वाट्यात काळजाचा असा लुसलुशीत तुकडा आला होता की सरुबाईच्या आवाजाला आपोआप मध लागला. "ह्योऽऽ कुणाचा?" असं ते लांबलं. बायको पंधरा वर्षांची जुनी. भिंतीकडं तोंड असलं म्हणून काय झालं, भाऊसोला कळायचं ते कळलं. हनुवटी पुढं आली. "आकारामचा!" तो म्हणाला. आकाराम! ज्याच्याशी नळावरनं तीन महिने बोलणं बंद होतं, तो! आकाराम वाटा घेऊन हसत गेला आणि सरुबाईनं त्या रात्री नवऱ्याला नुसता रस्सा वाढला. "बोटी कुठाय?" भाऊसोनं विचारलं. "आकारामच्यात," ती म्हणाली, आणि मग दोघं इतकी हसली की धम्मपाल झोपेतनं उठून रडायला लागला.

तोच आकाराम आता तिच्या मागं खुर्चीवर बसून घसा फाडून ओरडत होता, दात पडलेले, पण आवाज शाबूत. मधल्या सुट्टीनंतर खेळ तापला. एकदा चेंडू रेषेबाहेर गेला. गेला तो वस्तीच्याच पोरीच्या बोटाला लागून, सरुबाईनं लख्ख बघितलं. पण साक्षी दुसऱ्या अंगाला होती, मधे दोन पोरी आल्या होत्या, आणि तिनं चेंडू वस्तीला दिला. कोडोलीच्या पोरींनी हात पसरले. राजनंदिनीनं कमरेवर हात ठेवून आभाळाकडं बघितलं. "चुकली," सरुबाई रूपालीच्या कानात म्हणाली. "आता बघ, एक बोटी उचलून तिकडं टाकंल." तिला अगदी खात्री होती. वाटा कमी-जास्त झाला तर तसंच करायचं असतं. पण पोरगी काही टाकेना. पुढच्या झटापटीत कोडोलीकडून साधी चूक झाली, डोळे झाकायला उत्तम संधी होती, तरी तिनं शिट्टी वाजवली. सरुबाईच्या कपाळाला आठी पडली. मग तिला गेल्या आठवड्यातली साक्षी आठवली, ताटातली भेंडी बाजूला सारत सांगणारी, आजी, चुकलं तर ते तिथंच सोडायचं. ते फेडायला दुसरं चुकायचं न्हाय, न्हायतर खेळणाऱ्याला कळतच न्हाय की काय केलं की काय होतंय. "भेंडी खा," सरुबाई तेव्हा म्हणाली होती. आता ते बोलणं, कुठं तरी अडकून राहिलेलं, सावकाश खाली उतरलं. बोट्या इकडच्या तिकडं करत सगळ्याचा खिमा करायचा की हात एकदा ठरवायचा आणि तसाच ठेवायचा? ती साक्षीच्या मनगटाकडं बघायला लागली. नुसत्या मनगटाकडं. मूठ वर जायची ती वस्तीवर गेली तरी तेवढीच वर, कोडोलीवर गेली तरी तेवढीच वर. खेळ कुठं चाललाय, कोण पुढं, कोण मागं, हे सरुबाई विसरली. तिला ते मनगट गोड दिसायला लागलं, कसलेल्या माणसाचं काम बघताना जसं गोड दिसतं तसं.

शेवटी गलक्यानंच तिला भानावर आणलं. वस्ती एका गुणानं पुढं होती. काही सेकंद उरले होते. "आत्ती, आला चषक," रूपालीनं तिचा हात घट्ट धरला. चेंडू राजनंदिनीकडं आला. ती दोन पावलं टाकून उडाली, स्नेहल तिच्यासमोर उडाली, आणि सरुबाईनं बघितलं. स्नेहलची बोटं. कोपरावर. माशी बसून उठावी इतकी. चेंडू कड्याला लागून बाहेर पडला.

त्या क्षणात केवढी जागा होती! सरुबाईला वाटलं, कुणीच बघितलं नाही. आकारामनं नाही, रूपालीनं नाही, मधे धूळ होती, ऊन डोळ्यावर होतं. बघितलं नाही असं म्हण गं बाई. चषक घरी येतोय, भाऊसोचं नाव भाऊसोच्या घरात येतंय, कपाटावरचा पत्र्याचा डबा काढून जागा केलीय मी. आणि हे मनात चाललं असतानाच तिला एक भीती वाटली, आणि ती भीती कसली आहे हे कळल्यावर ती स्वतःच चकित झाली. शिट्टी वाजेल ह्याची ती भीती नव्हती. वाजणार नाही ह्याची होती. आत्ता ह्या क्षणी ते मनगट जर आपल्या पंगतीपुरतं बदललं, तर चषक येईल आणि गोठ्याच्या कडेचा तो वाढपीही त्याच्याबरोबर घरात येईल, रोज कपाटावरनं बघेल. वाजव, ती मनात म्हणाली. वाजव की गं! आम्ही भिंतीकडं तोंड केलं आणि तरी आवाज लांबवला. तू डोळे उघडे ठेवून बघितलंयस. वाजव!

शिट्टी वाजली.

मूठ वर गेली. तेवढीच.

मैदान फुटलं. "अगं ए, घरची हाईस का दुसऱ्याची?" आकाराम खुर्चीवर चढून ओरडला. "एवढंसं तर लागलं!"

सरुबाई हारासकट मागं वळली. "एवढंसंच ठरलंय! मघाशी त्या पोरीचं एवढंसं धरलं तवा कोण नाचत हुतं? तू न्हवं? खाली उतर, खुर्ची भाड्याची हाय!"

"अवं सरुवैनी, चषक चाललाय की तुमचा!"

"चाललाय तर चालू दे. माझा हाय, मी बघून घेते. तू काळीज खाल्लंयस माझ्या वाट्याचं, गप बस!"

आकारामला काही कळलं नाही, पण तो उतरला. स्नेहल कमरेत वाकून उभी होती. मग तिनं स्वतःच हात वर केला, म्हणजे लागला माझा, आणि आपल्या पोरींना ओरडू नका म्हणून खुणावलं. राजनंदिनी रेषेवर आली. चुकीबद्दल दोन फेकी. तिनं चेंडू तीनदा आपटला, श्वास घेतला, आणि पहिला चेंडू कड्याला न शिवता आत गेला. बरोबरी.

आणि सरुबाईला ते झेपेना. आनंद पोटातनं असा वर आला की त्याला वाट देणं भाग होतं. हसून होणारा नव्हता, रडून होणारा नव्हता. आजऱ्याकडं, दुसऱ्यांच्या भातात पाखरं हाकायला उभी असायची ती पोरगी, जिला आई म्हणायची की असं बायामाणसानं करू नये, तिनं आपली दोन बोटं उचलली, जिभेखाली दुमडली आणि फुंकली. साठ वर्षांत न वाजलेली शिट्टी. ती अशी सणसणीत निघाली की मांडवावरचे कावळे उडाले, राजनंदिनीच्या हातातला दुसरा चेंडू फेकता फेकता थांबला, टेबलावरच्या माणसानं घड्याळाकडं बघितलं, आणि सगळ्या पोरी गोंधळून साक्षीकडं बघायला लागल्या. साक्षी दुसऱ्या पंचाकडं, ऋतुराजकडं, बघत होती, आणि ऋतुराज सोफ्याकडं बोट दाखवत होता.

साक्षी चालत आली. धावत नाही, चालत. सोफ्यासमोर उभी राहिली. कपाळावरून घाम चालला होता, पण चेहरा दगडाचा.

"पावणं," ती म्हणाली, "मधी शिट्टी वाजवायची न्हाय. खेळ थांबतोय. परत वाजवली तर मांडवाच्या भाईर बसावं लागंल."

सरुबाईला गप्प बस म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. सासूनं प्रयत्न केला होता, नगरसेवकानं केला होता, भाऊसोनं तर सोडूनच दिला होता. सरुबाईनं तोंड उघडलं. मग मिटलं. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली, शाळेतल्या पोरासारखी. साक्षी वळली. तिच्या पाठीवर करडा सदरा घामानं चिकटला होता.

दुसरा चेंडूही गेला. कोडोली एकनं पुढं. स्नेहलनं उरलेल्या सेकंदांत अर्ध्या मैदानातून फेकलेला चेंडू कड्यावर आपटून डावीकडं पडला. भोंगा वाजला. कोडोलीच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या, धैर्यशील सर टोपी काढून डोकं पुसायला लागले. वस्ती सुतकात. रूपाली रडत होती आणि हसत होती, आणि सासूकडं बघत होती, आता काय होणार म्हणून. सरुबाई ताठ बसली होती, हात मांड्यांखाली, ओठ घट्ट, गाल आतनं फुगलेले, डोळे लकलकत होते.

"आत्ती," रूपाली घाबरली. "आत्ती, बोला की काय तरी. संपला की खेळ."

सरुबाईनं मान हलवली. ओठ जेमतेम उघडून, हळू, फक्त सुनेला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "भोंगा त्या टेबलावरच्यानं वाजवलाय. तिनं अजून वाजवली न्हाय."

साक्षी टेबलाशी वाकून कागद बघत होती. एक सही केली, ऋतुराजला करायला दिली. मग मधल्या गोलात आली, दोन्ही संघांना बोलावलं, ओळीनं उभं केलं आणि खेळ संपल्याची शिट्टी वाजवली.

सरुबाई बोलायला उठली.